इंदूरकरहो, वसईच्या पडक्या चर्चांशी आपलं जुनं नातं आहे!

इंदुरातलं पांढरं चर्च कुणीही रिक्षावाला दाखवेल. पण होळकरांच्या इतिहासात डोकावायचं, तर वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चेस पाहायला हवीत. या किल्ल्याशी होळकरांचा संबंध एकदा नाही, दोनदा आला!

पहिल्यांदा १७३९ मध्ये. पेशव्यांचे बंधू चिमाजीअप्पा यांनी किल्ल्याला घातलेल्या वेढ्यात मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे आपापल्या फौजा घेऊन सामील झाले. मे महिन्यात सुरुंगांनी तट फुटला आणि दोनशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता वसईतून उठली. जिंकणाऱ्यांचा मोठेपणा असा, की पोर्तुगीजांना बायकामुलं आणि सामानसुमानासह निघून जायला आठ दिवस दिले.

दुसऱ्यांदा १८०२ मध्ये. यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. पेशवा दुसरा बाजीराव पुण्यातून पळाला, तो अखेर वसईला जाऊन इंग्रजांच्या आसऱ्याला बसला. ३१ डिसेंबरला त्यांच्याशी तह झाला. शाळेत आपण घोकलेला ‘वसईचा तह’ तो हाच.

आता चर्चेस. सेंट जोसेफचा मनोरा लांबूनच दिसतो. आत दगडी गोल जिना आहे. माझा जीव मात्र जडला तो फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चवर. छप्पर नाही, पण जमिनीत थडग्यांच्या शिळा तशाच बसवलेल्या. वाकून पाहिलं, की पोर्तुगीज अक्षरं दिसतात. काही पायांनी झिजून गुळगुळीत झालेली, काहींच्या खाचांत शेवाळ धरलेलं. बोट फिरवलं की एखादं अक्षर हाताला लागतं. इथे घाई करू नका.

याच वसईत १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मले. १५९७ मध्ये जपानात, नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवलं. १८६२ मध्ये संतपद मिळालं. भारतात जन्मलेले ते पहिले कॅथलिक संत! आणि वसईचा ख्रिस्ती समाज अस्सल मराठी बरं का: २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो इथलेच.

‘कोल्डप्ले’ या बँडच्या २०१६ मधल्या एका गाण्याच्या व्हिडिओत हा किल्ला झळकलाय. पोरांना न्यायचं असेल तर एवढं सांगणं पुरे.

आणि चर्चच्या घंटा? त्या मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांत टांगल्या. एक भीमाशंकरला, एक वाईजवळ मेणवलीत नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर. सगळ्यात नावाजलेली नाशिकची, नारोशंकराची घंटा; तिच्यावर १७२१ हे साल आहे. ज्या घंटेने पाद्र्यांची प्रार्थना सुरू व्हायची, ती शंकराच्या दारात टांगली गेली. वितळवून तिची तोफ केली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जायचं कसं? वसई रोड स्टेशनवरून किल्ल्याकडे बस, रिक्षा मिळतात. पावसाळ्यानंतर सकाळीच जा, पाणी सोबत ठेवा आणि भिंतींवर नावं कोरणारं कुणी दिसलं तर तिथल्या तिथे हटका. गाडीने गेला असाल तर परतताना आग्रा रोडच धरा. नाशिक वाटेतच आहे. पंचवटीत गाडी थांबवा, गोदाकाठी नारोशंकराच्या देवळापाशी जा आणि वसईहून आलेली ती घंटा डोळे भरून बघा.