मालाची वानगी आणि तिची छायाचित्रे

आपल्या संघाच्या स्मरणिकेत दरवर्षी बाजारभाव, करविषयक नियम, गुदामांची व्यवस्था इत्यादी विषयांवर जाणकार मंडळींचे लेख येत असतात. यंदा संपादक मंडळाने आम्हांसही काही लिहिण्याची आज्ञा केली. तेव्हा आम्ही असा विषय निवडला की, जो वरवर पाहता पोरांचा खेळ वाटतो. परंतु ज्याच्या अज्ञानामुळे आमच्या पेढीचे नुकसान झाले, आणि त्याहून वाईट गोष्ट ही की, एका जुन्या स्नेह्यास आम्ही नाहक दुखविले. मालाची अनेक छायाचित्रे धाडणे, ती लहान करणे व ती पाहणे, हा तो विषय होय. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. यंत्रविद्येतील पंडित आम्ही नव्हे. घरातील मुलांस विचारून, स्वतः करून पाहून व पाटीवर हिशेब मांडून जे उमगले, तेवढेच येथे सांगत आहोत.

आमचे धान्याचे ठोक दुकान कुकटपल्लीस आहे. सोलापूर, उमरगा, जहीराबाद या वाटेने येणारा राजमार्ग मियापूरवरून कुकटपल्लीतूनच हैदराबाद शहरात शिरतो. १९५६ साली राज्य पुनर्रचना होऊन मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघाला. तथापि लातूरच्या मोंढ्याचा व येथल्या बाजाराचा संबंध त्यामुळे तुटला नाही. पूर्वी मालाची वानगी पुडीत बांधून ट्रकवाल्याबरोबर येत असे. ती तळहातावर घ्यावी, दाणा दाताखाली फोडून पाहावा, वास घ्यावा आणि मगच भाव बोलावा, अशी रीत होती. आज ती पुडी क्वचित येते. तिच्या जागी भ्रमणध्वनीवर छायाचित्रे येतात आणि घटकाभरात सौदा ठरतो.

गेल्या चैत्रात लातूरकडील एका आडत्याकडून आम्ही १०० कट्टे हरभरा घेतला. त्यांच्या पेढीशी आमचा तीस वर्षांहून अधिक काळाचा व्यवहार. त्यांनी मालाची नऊ छायाचित्रे धाडली व भाव क्विंटलमागे ५० रुपये उतरता सांगितला. आम्ही चित्रे पाहिली. दाणा टपोरा व रंगाने एकसारखा दिसला. जुन्या ओळखीखातर भाव उतरला असावा, असे समजून आम्ही होकार दिला. माल आला व गुदामात लागला. महिनाभराने कट्टे उघडतो तो दाण्यादाण्यास भोक पडलेले आणि भुंगेरे बाहेर पडलेले. आमचे तेलुगू दुकानदार हरभऱ्यास शनगलु म्हणतात. ‘हे शनगलु परत न्या’ असे म्हणून त्यांनी कट्टे आमच्या दारी आणून टाकले. संतापाच्या भरात आम्ही आडत्यांस फार कडक शब्दांत लिहिले. फसवणूक केलीत, असेही लिहून बसलो.

त्यांचे उत्तर शांतपणे आले. ‘काकासाहेब, चौथे चित्र मोठे करून पाहावे, असे आम्ही त्याच दिवशी लिहिले होते. भाव उतरता होता तो त्याचसाठी. माल लगेच दाळ गिरणीस जाणार असेल तर घ्यावा, साठविण्यास नव्हे, असे आमच्या मनात होते.’ सोबत त्यांनी मूळ चित्र पुन्हा धाडले. ते मोठे करून पाहताच दाण्यांवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसले. ती भुंगेऱ्याची अंडी होती.

मग घरात चौकशी केली. आमच्या नातवाने, आजोबांस एकेक चित्र सरकवीत बसण्याचा त्रास नको, या सद्हेतूने, नऊही चित्रे जोडून एकच चित्र तयार केले होते आणि तेच आमच्यापुढे ठेवले होते. सोबतचा मजकूर त्याने वाचून दाखविला नाही व आम्हीही विचारला नाही. आडत्याने काही लपविले नव्हते. जे त्याने दाखविले, ते आमच्याच पेढीवर पुसले गेले. नातवास बोल लावण्यात अर्थ नव्हता. चित्र लहान केल्याने त्यातून काय नाहीसे होते, हे त्यास ठाऊक नव्हते व आम्हांसही नव्हते. ते आता सांगतो.

भ्रमणध्वनीतील छायाचित्र हे बारीक चौकोनी बिंदूंचे बनलेले असते. त्यांस पिक्सेल म्हणतात. एखादे चित्र ४,००० बिंदू रुंद व ३,००० बिंदू उंच असेल, तर त्यात एकंदर १ कोटी २० लाख बिंदू होतात. प्रत्येक बिंदूस एकच रंग असतो. म्हणून जी वस्तू एका बिंदूहूनही लहान पडते, तिला चित्रात स्वतंत्र अस्तित्व राहत नाही. तिचा रंग शेजारच्या रंगात मिसळून जातो. चित्राची रुंदी व उंची निम्मी केली की बिंदू निम्मे न होता चौथाईवर येतात, हेही ध्यानात ठेवावे.

आता हरभऱ्याचा हिशेब पाहू. ३० सेंटिमीटर रुंदीचे ताट चित्राची सर्व रुंदी व्यापील असे धरले, तर ४,००० बिंदूंच्या चित्रात प्रत्येक मिलिमीटरास सुमारे १३ बिंदू येतात. दाणा ८ मिलिमीटरांचा धरल्यास त्यास शंभरावर बिंदू मिळतात, २ मिलिमीटरांच्या भोकास सुमारे २६, आणि अर्ध्या मिलिमीटराच्या अंड्यास ६ ते ७. म्हणजे अंडे दिसते. तेच चित्र १,६०० बिंदू रुंदीचे केले, तर अंड्यास दोन-तीन बिंदू उरतात. ते पाहणाऱ्यास संशय येईल, खात्री होणार नाही. आणि तशी नऊ चित्रे तीन-तीनच्या ओळींत जोडून १,६०० बिंदूंच्या एकाच चित्रात बसविली, तर प्रत्येक ताटाच्या वाट्यास अवघे ५३३ बिंदू येतात. अशा चित्रात अंड्यास एक बिंदूही पुरा मिळत नाही. दाणा मात्र चौदा बिंदूंचा, गोल व सुरेख दिसतो! आमचे नुकसान या त्रैराशिकात होते.

चित्राचा भार कमी करण्याचा दुसराही एक मार्ग आहे. त्यात बिंदूंची संख्या तीच राहते, परंतु त्यांची नोंद संक्षेपाने ठेवली जाते. जेपेग नावाची जी पद्धत १९९२ साली प्रमाण म्हणून मान्य झाली, ती हेच करते. ती चित्राचे आठ बाय आठ, म्हणजे ६४ बिंदूंचे लहान चौकोन पाडते. प्रत्येक चौकोनातील ठळक फरक राखते आणि डोळ्यास सहसा न जाणवणारे बारीक फरक टाकून देते. या पद्धतीच्या मुळाशी असलेले गणित बंगळुरास जन्मलेले शास्त्रज्ञ नासिर अहमद यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह १९७४ साली प्रसिद्ध केले, ही आपणा सर्वांस अभिमानाची गोष्ट आहे. या युक्तीमुळेच कोट्यवधी चित्रे आज सहज इकडून तिकडे जातात. परंतु मुलाबाळांच्या चित्रातील जो बारीक फरक टाकला तरी चालतो, तोच धान्याच्या चित्रात कीड असू शकतो. शिवाय तेच चित्र बदलून पुनःपुन्हा साठविले, तर दर वेळी काही ना काही गळत जाते. एकदा दळलेल्या पिठाचा पुन्हा दाणा होत नाही. तद्वत लहान केलेले चित्र मागाहून ताणून मोठे केले, तरी गेलेला तपशील परत येत नाही.

चित्राच्या आकाराचा हा प्रश्न नवा नाही. सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या काळी काचेच्या पट्टीवर चित्र घेत आणि ती पट्टी कागदास लावून उन्हात छाप काढीत. त्यामुळे जेवढी काच तेवढाच छाप होई. मोठे चित्र हवे तर मोठ्या काचा व अवजड पेटी वाहून न्यावी लागे. जैन कुटुंबात जन्मलेल्या या कलावंताने ते कष्ट घेतले, म्हणून शंभराहून अधिक वर्षांनंतरही त्यांच्या चित्रांतील बारकावे आपणांस दिसतात. आज पेटी खिशात मावते आणि मोठे चित्र घेण्यास कष्ट नाहीत. कष्ट आहेत ते जपून ठेवण्याचे.

आता आमच्या पेढीवर आम्ही जे नियम घालून दिले आहेत, ते व्यापारी बंधूंच्या उपयोगासाठी देतो.

१. मूळ चित्र कधीही बदलू नये. लहान करावयाचे असल्यास त्याची प्रत काढावी व प्रतीवर काम करावे. सौदा पुरा होऊन पैसे चुकते होईपर्यंत मूळ चित्रे राखावीत.

२. चित्रे थोडी, परंतु क्रमवार असावीत. पहिले थप्पीचे, दुसरे उघड्या कट्ट्याचे, तिसरे ताटात पसरलेल्या दाण्यांचे, चौथे मूठभर दाण्यांचे अगदी जवळून. जवळच्या चित्रात नाणे किंवा मोजपट्टी ठेवावी, म्हणजे दाण्याचा आकार कळतो. थप्पीच्या तीन मीटर रुंद चित्रात भोक शोधणे व्यर्थ आहे.

३. वानगी वरच्या थराची नसावी. पोत्यात पोकळ सळई खुपसून निरनिराळ्या कट्ट्यांतून दाणे काढावेत, एकत्र करावेत व त्यांचे चित्र घ्यावे. वानगीच खोटी असेल, तर चित्र कितीही मोठे असून काय उपयोग?

४. प्रत्येक चित्रास मालाचा क्रमांक, दिनांक व चित्राचा अनुक्रम असे नाव द्यावे. नऊ चित्रे धाडली असतील, तर ‘एकूण नऊ’ असे सोबत लिहावे. म्हणजे एखादे न पोहोचल्यास समोरच्यास कळते.

५. चित्रे जोडून एक करू नयेत. भार कमी करावयाचा झाल्यास भोवतालचा निरुपयोगी भाग कापावा. कापल्याने उरलेल्या भागाचे बिंदू कायम राहतात. आकसल्याने सर्वांचेच घटतात.

६. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या रीतीने धाडलेले चित्र वाटेतच लहान होते. २०२३ सालापासून तेथे अधिक स्पष्ट चित्र धाडण्याची सोय झाली आहे. तथापि वानगीचे चित्र ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडून धाडणे उत्तम. ते जसेच्या तसे पोहोचते. आलेले लहान चित्र दलालांनी पुढे न ढकलता मूळ धन्याकडून मागवावे.

७. सरकारी अर्जांची गोष्ट निराळी. जीएसटी नोंदणीच्या अर्जास जोडावयाचे मालकाचे छायाचित्र १०० केबीच्या आत लागते. सुमारे एक हजार केबी म्हणजे एक एमबी. तेथे चेहरा ओळखू आला म्हणजे पुरे. म्हणून खुशाल लहान करावे. स्मरणिकेसाठी मात्र उलट आहे. चांगल्या छपाईस दर इंचास ३०० बिंदू लागतात. सहा इंच रुंदीच्या चित्रास १,८०० बिंदू हवेत. सभासदांनी संपादकांकडे चित्रे लहान करून धाडू नयेत, ही आमची विनंती.

इतके करूनही चित्र म्हणजे परीक्षा नव्हे, हे विसरू नये. दाण्यातील ओलावा व वास चित्रात येत नाहीत. १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या ई-नाम या राष्ट्रीय बाजार व्यवस्थेतही मालाची प्रत तपासून नोंदण्याची योजना आहे, ती याच कारणास्तव. मोठ्या सौद्यात मूठभर वानगी हाती आलीच पाहिजे, असे आमचे नम्र मत आहे.

शेवटी एक गोष्ट. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे ठेवण्याबरोबरच ‘प्रतिरूपक व्यवहार’ हाही सांगितला आहे. असली म्हणून नकली वस्तू देणे, असा त्याचा अर्थ. चित्राचा रंग उजळविणे, किडका भाग कापून काढणे किंवा मुद्दाम अंधुक चित्र धाडणे हेही त्याच जातीचे आहे, याविषयी शंका नसावी. पण आमच्या प्रसंगावरून आणखी एक बोध झाला. देणाऱ्याने खरे दाखविले, तरी घेणाऱ्याने ते खऱ्या आकारात पाहिले पाहिजे. न पाहता दुसऱ्यास खोटे ठरविणे, हादेखील एक दोषच होय.

आम्ही लातुरास जाऊन त्या स्नेह्यांची क्षमा मागितली. त्यांनी निम्मे नुकसान सोसण्याची तयारी दाखविली. आम्ही ती मानली नाही, कारण चूक आमच्या घरची होती. व्यवहार पूर्ववत चालू आहे. आता चित्रे आली की नातू आमच्या शेजारी बसतो आणि आम्ही दोघे एकेक चित्र मोठे करून पाहतो. त्यास थोडा वेळ लागतो, परंतु तो वेळ वाया जातो असे आम्हांस वाटत नाही. व्यापारी बंधूंनीही तेवढा वेळ काढावा, एवढीच विनंती करून हा लेख पुरा करतो.