हिऱ्याच्या सुईखाली चुंबक

एमरॅम या चुंबकीय मेमरीत कोबाल्ट-लोह-बोरॉनचे थर जेमतेम नॅनोमीटरभर जाडीचे असतात. अशा थरापासून बारीक तार बनवली, की तिच्यात काही भागाचं चुंबकत्व वर रोखलेलं असतं, काहीचं खाली. दोहोंच्या मधल्या अरुंद पट्ट्याला सीमाभिंत म्हणतात. ही भिंत सरकवून माहिती हलवायची, तर ती कुठे अडकते हे आधी दिसायला हवं.

चुंबकीय बलाचा सूक्ष्मदर्शक १९८७ पासून आहे. पण त्याची सुई स्वतःच चुंबक; नाजूक थरावरून फिरताना ती भिंतीलाच हलवू शकते.

हिऱ्याच्या सुईला ही अडचण नाही. तिच्या टोकाशी, स्फटिकात एका कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू असतो आणि त्याला लागूनच एक जागा रिकामी. या जोडीला एनव्ही केंद्र म्हणतात. हिरवा लेसर पडला, की ते लाल उजेड देतं. सोबत २.८७ गिगाहर्ट्झच्या सूक्ष्मलहरी सोडल्या, की हा उजेड मंदावतो. जवळ चुंबकीय क्षेत्र असेल, तर तो एकाऐवजी दोन वारंवारितांना मंदावतो. केंद्राच्या अक्षाच्या दिशेने दर मिलिटेस्लाला त्यातली प्रत्येक सुमारे २८ मेगाहर्ट्झ सरकते. म्हणजे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यावर खरंखुरं माप हाती येतं, नुसती गडद-फिकी छटा नव्हे. हे सगळं खोलीच्या तापमानाला! सुई पृष्ठभागाच्या जितकी जवळ, तितका तपशील बारीक.

फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१४ साली एक नॅनोमीटर जाडीच्या चुंबकीय तारेवर असं केंद्र असलेली सुई फिरवली. सीमाभिंत ५० नॅनोमीटर अंतरावरच्या दोन जागांमध्ये उड्या मारताना त्यांना थेट दिसली. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती खरी दाद देण्यासारखी: ज्या लेसरने वाचायचं, त्याच्याच उष्णतेने भिंतीला तारेवरून ओढत नेलं आणि ती अडकते त्या जागांचा नकाशा काढला.

बाझेलमध्ये पॅट्रिक मालेटिन्स्की यांच्या गटाने २०१९ मध्ये अणुजाड क्रोमियम आयोडाइड याच पद्धतीने पाहिलं. थरांची संख्या विषम असेल तिथे साधारण एका थराइतकं चुंबकत्व, सम असेल तिथे जवळजवळ शून्य. शेजारचे थर एकमेकांना रद्द करतात, हे आता आकड्यांत मांडता आलं.

मर्यादाही आहेत. अक्षाला आडवं क्षेत्र जोरदार असेल, तर उजेडातला फरक पुसट होतो. शिवाय ठिपक्यागणिक मोजायचं, म्हणून एका चित्राला कित्येकदा तास लागतात.

एकेक ठिपका मोजण्याऐवजी असंख्य केंद्रं एकदम कॅमेऱ्याने टिपायची वाटही आहे. आयआयटी मुंबईत कस्तुरी साहा यांचा गट एनव्ही केंद्रांवर काम करतो. चिपच्या आतले प्रवाह त्यांच्या चुंबकीय क्षेत्रावरून पाहणारं यंत्र टीसीएसच्या साथीने उभारण्याचा प्रकल्प २०२४ मध्ये जाहीर झाला.