बर्फातील रोगजंतू : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात तपमान वारंवार ४५° सेल्सियसच्या आसपास पोहोचते. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथील बाजारांत या दिवसांत रसवंत्या, सरबताच्या गाड्या आणि बर्फाचे गोळे यांना मोठी मागणी असते. जे पाणी अनेक कुटुंबे उकळल्यावाचून पीत नाहीत, त्याच प्रकारच्या पाण्याचा बर्फ मात्र निःशंकपणे पेल्यात घेतला जातो. अतिशीत अवस्थेत जंतू जगत नाहीत, ही समजूत यामागे असते. ती अर्धीच खरी आहे.

या प्रश्नाचा प्रायोगिक अभ्यास जुना आहे. १८८७ साली न्यूयॉर्क येथे प्रडेन यांना विषमज्वराचे काही जंतू बर्फात १०३ दिवसांनंतरही जिवंत आढळले. पुढे १९०२ साली सेज्विक व विन्स्लो यांनी, गोठविल्यानंतर पहिल्या काही दिवसांत बहुसंख्य जंतू मरतात, परंतु अल्पसा प्रतिकारक्षम अंश टिकून राहतो, असे दाखवून दिले. म्हणजेच गोठण्याने जंतूंची संख्या घटते. निर्जंतुकीकरण होत नाही.

याचे कारण गोठण्याच्या क्रियेतच आहे. बर्फाचे स्फटिक क्षारांना बाहेर लोटतात आणि जंतू उरलेल्या संहत द्रावणाच्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकतात. स्फटिकांची इजा व क्षारांची तीव्रता यांमुळे पुष्कळ पेशी नष्ट होतात. पण साखर, प्रथिने यांसारखे पदार्थ पेशींचे संरक्षण करतात. कारखान्यात मिठाच्या थंड द्रावणात बुडविलेल्या डब्यांतून लादी तयार होते, तेव्हा ती कडेकडून आत गोठत जाते व अशुद्धी मध्यभागी साचते. लादीचा पांढुरका गाभा बऱ्याच अंशी यामुळेच दिसतो. पाण्यात घातलेले क्लोरीनही गोठणाऱ्या बर्फातून बाहेर लोटले जात असल्याने, पुढे होणाऱ्या दूषणापासून बर्फाला त्याचे संरक्षण मिळेल, असे मानता येत नाही.

हे पुढचे दूषण दुर्लक्षिण्याजोगे नाही. लादी जमिनीवरून ओढली जाते, गोणपाटात किंवा भुश्यात ठेवली जाते, उघड्या हातांनी फोडली व किसली जाते. वितळणाऱ्या पृष्ठभागावरील पाण्याचा थर प्रत्येक स्पर्शाचा मळ घेतो. शिवाय मासळी व नाशवंत माल टिकविण्यासाठी केलेला बर्फ पेयांत वापरला जाण्याचा धोका असतोच. तो टाळण्यासाठी महाराष्ट्रात २०१८ साली अखाद्य बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक करण्यात आले. रंगाने बर्फाचा हेतू कळतो. रंगहीन बर्फाची शुद्धता मात्र सिद्ध होत नाही.

दूषित बर्फापासून विषमज्वर, पटकी, जंतुजन्य आमांश, अ-प्रकारची कावीळ व नोरोविषाणूजन्य अतिसार यांचा प्रसार होऊ शकतो. आमांशाचे शिगेला जंतू १० ते १०० इतके अल्प असले तरी रोग उत्पन्न करू शकतात. त्यामुळे ‘बहुतेक जंतू मेले’ हे आश्वासन पुरेसे नाही. १९८७ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियात पुराने दूषित झालेल्या विहिरीच्या पाण्यापासून बनविलेल्या बर्फामुळे अतिसाराची साथ अनेक ठिकाणी पसरली होती. एका उगमाचा दोष बर्फाबरोबर किती दूर जातो, हे तीवरून दिसते.

परीक्षणातही एक अडचण संभवते. गोठण्याने जखमी झालेले जंतू पित्तलवणयुक्त निवडक माध्यमावर वाढत नाहीत व निष्कर्ष खोटा नकारात्मक येतो. म्हणून बर्फाचे नमुने निर्जंतुक पात्रात, थंड तपमानात वितळवून प्रथम सौम्य पोषक माध्यमात सावरू द्यावेत. उर्वरित क्लोरीन निष्प्रभ करण्यास सोडियम थायोसल्फेट वापरावे. लादीची कड व गाभा स्वतंत्र तपासावेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात एशेरिकिया कोलाय आढळता कामा नये; खाद्य बर्फाच्या वितळलेल्या पाण्यालाही हीच कसोटी लावणे युक्त होय.

पाण्याचा उगम, कारखान्यातील डबे, वाहतूक आणि विक्रेत्याची गाडी अशा चार टप्प्यांवरील नमुने एकाच दिवशी घेतले, तर दोष कोठे शिरतो हे निश्चित करता येईल. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयामुळे वर्धा जिल्ह्यात अशा परीक्षणास लागणारे ज्ञान जवळच उपलब्ध आहे. हे काम उन्हाळ्यापूर्वी झाले, तर अतिसाराचे रुग्ण येण्याची वाट न पाहता उपाय योजता येईल.