किल्ली खिशात, कुलूप सर्व्हरवर

फायनल इयरचा प्रोजेक्ट, चौघांचा ग्रुप आणि क्लाउडवर घेतलेला एक छोटासा सर्व्हर. त्याचा पासवर्ड कुठे असतो? व्हॉट्सॲप ग्रुपवर, तोही पिन करून! आणि असतो काय, तर कॉलेजचं नाव आणि पुढे १२३. ओळखीचं वाटतंय ना? मग पुढचं वाचाच.

सर्व्हर इंटरनेटवर आला की दार वाजवणारे यायला वेळ लागत नाही. ही माणसं नसतात, बॉट असतात. ‘रूट’, ‘ॲडमिन’ अशी नेहमीची युजरनेम घेऊन ते एकामागून एक पासवर्ड टाकून बघतात. एखादा लागला की तुमचा कोड आणि डेटा तर जातोच, शिवाय तुमच्याच सर्व्हरवरून दुसऱ्यांवर हल्ले होतात किंवा क्रिप्टो मायनिंग सुरू होतं. बिल मात्र तुमच्या नावावर!

पूर्वी दूरच्या मशीनवर टेलनेटने लॉगिन करायचे. त्यात पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडा जायचा. १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले. तिथल्याच तातू इलोनेन या संशोधकाने त्याच वर्षी एसएसएच, म्हणजे सिक्युअर शेल, लिहिलं. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३. मधला २२ रिकामा होता, तो त्याने मागून घेतला.

एसएसएचमध्ये पासवर्ड वाटेत कुणाला वाचता येत नाही. पण तो सोपा असेल तर अंदाजाने ओळखता येतोच. त्यावर उपाय म्हणजे कीची जोडी. टर्मिनलमध्ये ‘एसएसएच-कीजेन’ ही कमांड दिली की दोन फाइल तयार होतात. ‘डॉट पब’ शेपटीची ती पब्लिक की. नाव किल्लीचं, पण काम कुलपाचं. ती सर्व्हरवर ठेवायची. दुसरी प्रायव्हेट की, ती तुमच्या लॅपटॉपवरच राहते. लॉगिन करताना तुमचा लॅपटॉप तिने डिजिटल सही करतो, सर्व्हर ती सही पब्लिक कीने तपासतो. प्रायव्हेट की मशीन सोडून कुठेच जात नाही, त्यामुळे वाटेत चोरायला काही उरतच नाही.

ग्रुपसाठी तर हे बेस्ट. प्रत्येकाची जोडी वेगळी. कुणी प्रोजेक्ट सोडला? सर्व्हरवरच्या ‘ऑथोराइज्ड कीज’ फाइलमधली त्याची एक ओळ काढा, विषय संपला. बाकीच्यांना काही बदलावं लागत नाही. गिटहबनेही १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामासाठी अकाउंटचा पासवर्ड घेणं बंद केलंय.

आता चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा.

पहिली, की बनवताना पासफ्रेज विचारतात, तेव्हा नुसतं एंटर मारू नका. लॅपटॉप चोरीला गेला तर तोच आधार.

दुसरी, प्रायव्हेट की मेलवर, ड्राइव्हवर, गिटहबवर टाकायची नाही. जिवलग मित्र मागत असला तरी नाही. त्याला त्याची बनवू दे.

तिसरी, पहिल्यांदा कनेक्ट होताना सर्व्हरचा फिंगरप्रिंट दिसतो आणि ‘येस’ की ‘नो’ विचारतात. सर्व्हर ज्याने उभा केला त्याच्याकडून फिंगरप्रिंट घ्या, जुळवा, मगच ‘येस’ म्हणा. पुढे कधी ओळख बदलल्याची वॉर्निंग आली तर थांबा. सर्व्हर नव्याने इन्स्टॉल झाला असेल, किंवा मध्ये कुणीतरी बसलं असेल. विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

चौथी, कीने लॉगिन जमलं की सर्व्हरच्या सेटिंगमध्ये पासवर्ड लॉगिन बंद करा. पण चालू असलेली विंडो लगेच बंद करू नका. दुसरी विंडो उघडून आत जाता येतंय का ते आधी बघा. नाहीतर बॉट बाहेर आणि त्यांच्यासोबत तुम्हीही बाहेर!

हे सगळं करायला फार तर अर्धा तास लागतो. सबमिशनच्या आदल्या रात्री सर्व्हर कुणा भलत्याच्या ताब्यात गेलाय हे कळण्यापेक्षा हा अर्धा तास आज गेलेला परवडला.