केसपेपरमधील नेमकेपणा : ‘सीडीआय’ व्यवसायाची वाट

तंजावर : भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात, तंजावरात उपचार घेतलेल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी आजही उपलब्ध आहेत. डोळ्यांची रंगीत चित्रे, रुग्णाची तक्रार आणि त्यावरील उपचार त्यांत नोंदवलेले असल्याने अभ्यासकांना त्या काळातील नेत्रोपचारांचा वेध घेता आला. रुग्णनोंद पुढच्या वाचकाला नेमकी कळावी, याची व्यावसायिक जबाबदारी आता एका स्वतंत्र क्षेत्राने उचलली आहे. ‘क्लिनिकल डॉक्युमेंटेशन इम्प्रूव्हमेंट’ अर्थात ‘सीडीआय’ या नावाने ते ओळखले जाते.

या कामाचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. दाखल रुग्णाचे क्रिएटिनिन ०.९ वरून २.४ वर गेले, सलाइन वाढवण्यात आले. पण केसपेपरवर केवळ ‘लघवी कमी’ एवढेच लिहिले गेले. कोडर तपासणीच्या आकड्यांवरून स्वतः निदान ठरवू शकत नाही. डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानालाच तो संकेतांक देतो. परिणामी मूत्रपिंडावरील आघात नोंदीतून निसटतो. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलेल्या या रुग्णाला मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकणारे वेदनाशामक दिले जाण्याचा धोका उरतो.

अशा वेळी सीडीआय तज्ज्ञ डॉक्टरांना लेखी विचारणा करतो. तीत तपासणीचे निष्कर्ष मांडून निदान विचारले जाते. संभाव्य पर्यायांसोबत ‘अन्य’ आणि ‘सांगता येत नाही’ हे पर्यायही दिले जातात. अपेक्षित उत्तर सुचवणे किंवा बिलाच्या रकमेचा उल्लेख करणे निषिद्ध मानले जाते. पुराव्याविना आजार गंभीर दाखवणे ही सुधारणा नसून फसवणूक आहे.

अमेरिकेत १९८३ पासून ‘मेडिकेअर’ने निदानगटांनुसार रुग्णालयांना मोबदला देण्यास सुरुवात केली. २००७ मध्ये त्या गटांत आजाराच्या तीव्रतेला अधिक महत्त्व आले आणि या व्यवसायाला बळ मिळाले. भारतात चेन्नई, कोइम्बतूर, पुणे आदी शहरांतील कंपन्या अमेरिकी रुग्णालयांसाठी कोडिंगची कामे करतात. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतही उपचारांचे पॅकेज आणि केसपेपर यांचा मेळ बसणे आवश्यक असते. तो न बसल्यास दावा अडकतो.

परिचारिका, डॉक्टर, आयुर्वेद व होमिओपॅथी पदवीधर, औषधनिर्माते आणि अनुभवी कोडर यांना या क्षेत्रात येता येते. शरीररचना, रोगविज्ञान, औषधे व प्रयोगशाळा तपासण्यांची जाण हा पाया होय. त्यानंतर ‘आयसीडी-१०’ वर्गीकरणाचा अभ्यास करून कोडिंग किंवा रुग्णालयाच्या अभिलेख विभागात अनुभव घेणे हितावह ठरते. नवोदितांनी ‘सीपीसी’ ही कोडिंग परीक्षा उत्तीर्ण केली तरी पुरेसा अनुभव मिळेपर्यंत प्रमाणपत्रावर शिकाऊ असल्याची खूण राहते. ‘सीसीडीएस’ या सीडीआय प्रमाणपत्रासाठी तर या कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. त्यामुळे हे प्रमाणपत्र मिळवून देऊन थेट नोकरी लावण्याचे आश्वासन देणाऱ्या शिकवणीचे शुल्क भरण्यापूर्वी पात्रतेच्या अटी तपासून घ्याव्यात.

रुग्णांसाठीही हा विषय दूरचा नाही. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरांनी आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे आणि मागणी केल्यास ७२ तासांत देणे बंधनकारक आहे. मात्र हाती आलेल्या कागदावर निदानच स्पष्ट नसेल, तर त्या हक्काचा उपयोग मर्यादित राहतो. डिस्चार्ज कार्डवर आजाराचे नेमके नाव आहे का, हे घरी परतण्यापूर्वीच पाहून घेणे श्रेयस्कर.