एक एकराचे नियोजन : खर्च, जोखीम आणि जमिनीचे आरोग्य

धाराशिव जिल्ह्यात आपल्यापैकी अनेक कुटुंबांकडे एक-दोन एकरच कोरडवाहू जमीन आहे. "एवढ्याशा तुकड्यात काय भागणार?" असा प्रश्न नेहमी ऐकू येतो. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात या प्रश्नाचे मूळच तपासले. शेती परवडते की नाही, हे निव्वळ क्षेत्रावर ठरत नाही. जमिनीला श्रम व भांडवल यांची योग्य प्रमाणात जोड मिळते की नाही, यावर ठरते, असे त्यांनी मांडले. शेतीवरील जादा मनुष्यबळ उद्योगधंद्यांकडे वळले पाहिजे, हाही त्यांचा आग्रह होता. म्हणून पेरणीपूर्वी वही घेऊन हिशोब मांडणे, हे लहान शेतकऱ्याचे पहिले काम होय.

१) खर्च : मशागत, बियाणे, खत, फवारणी, खुरपणी, काढणी, मळणी आणि कर्जाचे व्याज असे रकाने आखावेत. घरच्यांची मजुरीही धरावी. समजा, सोयाबीनला एकरी १५,००० रुपये खर्च आला व क्विंटलला ४,००० रुपये भाव मिळाला, तर पावणेचार क्विंटल माल नुसता खर्च भागवण्यातच जातो. पाऊस कमी झालेल्या वर्षी आपल्या रानात एवढे पिकले होते काय, हे स्वतःला विचारावे. बियाणे घरचे असल्यास १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून पाहावेत. ७० किंवा अधिक उगवले तरच पेरावे.

२) जोखीम : आपल्याकडे दोन्ही टोके आहेत. २०१५ साली दुष्काळाने पिके वाळली, तर सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने भूम-परंडा भागात उभी पिके पाण्यात गेली. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नये. सोयाबीनमध्ये तुरीचे आंतरपीक घ्यावे, म्हणजे एक गेले तरी दुसरे हाती लागते. पीक विमा उतरवावा. सातबारावर नाव नसल्यास पीककर्ज मिळणे कठीण जाते. ते काम आधी मार्गी लावावे.

३) पर्यावरण : दरवर्षी तेच पीक घेतल्याने रोग-किडी वाढतात. उसासाठी बोअर खोल नेत राहिल्यास शेजारच्या विहिरीचेही पाणी आटते. हा खर्च वहीत दिसत नाही, पण तो पुढच्या पिढीला फेडावा लागतो. उताराला आडवी पेरणी, बांधबंदिस्ती, शेणखत व कडधान्यांचा फेरपालट यांनी माती व ओल दोन्ही टिकतात. माती परीक्षण करूनच खत द्यावे. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात सल्ला मिळतो.

याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने महिलांमध्ये काम सुरू केले. पुढे दुष्काळात 'एक एकर' पद्धत आली. महिलांनी कुटुंबाकडून अर्धा-एक एकर मागून घेतला व त्यात भाजीपाला, कडधान्ये व ज्वारी-बाजरीसारखी धान्ये कमी पाण्यावर, शेणखत-गांडूळखतावर घेतली. आधी घरचे ताट भरायचे, उरलेले विकायचे, असा हा क्रम. २०१६ साली या संस्थेला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

विद्यार्थी मित्रांनी आपल्या शिक्षणाचा उपयोग येथे करावा. या हंगामापूर्वी आई-वडिलांसोबत बसून घरच्या शेतीचा जमाखर्च मांडावा, आणि त्यात आईचा सल्ला अवश्य घ्यावा.