राबणाऱ्या पाठीसाठी सकाळची वीस मिनिटं

कंधार तालुक्यातल्या कुठल्याही गावात सकाळच्या योगासनांचा विषय काढला की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : "दिवसभर रानात मरमर करतोत की आम्ही. त्यावर आणखी व्यायाम कशाला?" शहरातून आलेल्या माणसाला यावर चटकन काही बोलता येत नाही. प्रश्न रास्तच आहे. पहाटे उठून जनावरांचं करायचं, दिवसभर रानात राबायचं आणि अंधार पडल्यावर घरी यायचं, अशा माणसाला 'हालचाल वाढवा' म्हणणं म्हणजे थट्टाच.

पण हे कष्ट जरा नीट पाहावेत. मन्याडच्या खोऱ्यात दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघून गेलेलं असतं, कापसाची वेचणी चालू असते, हरभरा आणि ज्वारी पेरायची धांदल असते. कापूस वेचणारी बाई कमरेला ओटी बांधून ओळीत शिरते. बोंडं कधी गुडघ्याच्या, तर कधी कमरेच्या उंचीवर. पाठ वाकलेली, मान खाली, दोन्ही हात पुढे आणि ओटीचं वजन पोटावर ओढ देणारं. पावसाळ्यात हीच बाई खुरपं घेऊन उकिडवी बसलेली असते. घरी आल्यावर परातीपुढे बसून भाकऱ्या थापते, तेव्हाही खांदे पुढे आणि मान खालीच. गडीमाणसाचं फार वेगळं नाही. पोतं उचलायचं ते पुढे वाकून, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन चालायचं तेही पुढे झुकून. वर गाडीवरून कंधार-नांदेड करताना बसणारे दणके निराळेच.

म्हणजे शरीर दिवसभर हलतं खरं, पण एकाच दिशेनं. पाठ मागे वळणं, छाती उघडणं, हात डोक्यावर नेऊन अंग ताणणं या हालचाली शेताच्या कामात जवळपास येतच नाहीत. शेतकऱ्याच्या सकाळच्या आसनांचं काम घाम गाळण्याचं नाही. तो घाम रानात गळतोच. दिवसभर जे अंग पुढे मुडपतं, ते सकाळी उलट्या बाजूनं मोकळं करायचं, एवढंच.

औंधच्या राजाचा घरगुती व्यायाम

घरच्या घरी, थोडक्या वेळात आणि साधनाशिवाय करायचा व्यायाम ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सातारा भागातल्या औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) तरुणपणी युजेन सँडो या पाश्चात्त्य मल्लाच्या पद्धतीनं व्यायाम करत. पुढे १९०८ च्या सुमारास ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांचे कट्टर प्रचारक झाले. औंधच्या शाळांमध्ये त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. त्यावर त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनच्या पत्रकार लुईझ मॉर्गन यांनी संपादित केलं आणि १९३८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यांच्या पद्धतीत दहा अवस्था होत्या, आज बहुतेक ठिकाणी बारा शिकवतात. त्यांचे चिरंजीव, मुत्सद्दी अप्पा पंत यांनीही पुढे सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिलं. राजाच्या या प्रचाराचा रोख तालमीतल्या मल्लांपेक्षा शाळकरी मुलं, बायका आणि घरातली सगळी माणसं यांच्याकडे होता.

त्याच काळात लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन केलं. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, अमळनेरला शिक्षक राहिलेले. उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत काय घडतं, हे त्यांनी क्ष-किरण यंत्र लावून पाहिलं. 'योगमीमांसा' हे नियतकालिकही त्याच वर्षी काढलं. आसनं अंगात आल्यासारखी नव्हे, तर मोजून-मापून करावीत, हा त्यांचा आग्रह. १९३७ मध्ये पुण्यात आलेल्या बी. के. एस. अय्यंगारांनी आणखी एक सोय केली. ज्याचं अंग वळत नाही, त्याच्यासाठी भिंत, खुर्ची, पट्टा, घडी केलेलं कांबळं यांचा आधार त्यांनी आसनांत आणला. घरी करणाऱ्याला याचा सर्वांत जास्त उपयोग. आपल्याकडे भिंत आहे, सतरंजी आहे, गोधडी आहे, आणखी काही लागत नाही.

११ डिसेंबर २०१४ रोजी संयुक्त राष्ट्रसंघानं २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन ठरवला. २०१९ च्या योग दिनाचा राज्याचा मुख्य कार्यक्रम नांदेडला झाला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि बाबा रामदेव हजारो लोकांसोबत आसनं करत होते. जिल्ह्यात त्या दिवशी योगाची हवा झाली, हे चांगलंच झालं. पण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्याकडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून असतो, आणि मैदानावरचा एक दिवस पाठीला वर्षभर पुरत नाही. केंद्रीय आयुष मंत्रालयाचा सर्वसाधारण योग अभ्यासक्रम साधारण ४५ मिनिटांचा आहे. तो चांगलाच आहे. मात्र ज्या घरात पहाटेच धारा काढायच्या, पाणी भरायचं आणि लेकरांचे डबे करायचे असतात, तिथे रोज ४५ मिनिटं निघत नाहीत. वीस मात्र निघतात.

वीस मिनिटं अशी

जागा सपाट, अंगाखाली सतरंजी. खाटेवर किंवा गादीवर नको, पाठीला आधार मिळत नाही. पोट रिकामं, शौचाला जाऊन आलेलं. घोटभर कोमट पाणी चालेल, चहा नंतर.

पहिली तीन मिनिटं सांधे मोकळे करा. मान सावकाश उजवी-डावीकडे आणि खाली-वर करा, गरागरा फिरवू नका. खांदे मागच्या बाजूनं गोल, मनगटं, घोटे.

पुढची तीन मिनिटं उभं राहून. ताडासनात बोटं एकमेकांत गुंफून तळवे आभाळाकडे, टाचा उचलून अंग वर ताणा. मग अर्धचक्रासन : हात कमरेवर, कोपरं मागे, छाती वर उचलत थोडंसंच मागे वळा. कापूस वेचणाऱ्यांनी हे आसन चुकवूच नये.

त्यानंतर पाच मिनिटांत पाच-सहा सूर्यनमस्कार. शांतपणे केला तर एकाला पाऊण ते एक मिनिट लागतं. पुढे वाकताना गुडघे किंचित सैल ठेवले तरी बिघडत नाही, पाय ताठ ठेवण्याच्या हट्टापायी कंबर धरते. ज्यांची कंबर आधीच दुखते, त्यांनी नमस्कार सोडून मार्जारासन करावं. हात-गुडघ्यांवर येऊन श्वास घेताना पाठ खाली, सोडताना वर.

मग तीन मिनिटं पोटावर. भुजंगासन सगळ्यांना माहीत असतं आणि बहुतेकजण चुकीचं करतात. हातांच्या जोरावर अंग वर ढकललं की कमरेत कळ येते. तळवे खांद्यांखाली, कोपरं बरगड्यांना चिकटून, बेंबी जमिनीवरच. आधी कपाळ उचला, मग हनुवटी, मग छाती. हातांवर भार न देता पाठीच्या बळावर जेवढं उचलेल तेवढंच. वर तीन-चार श्वास थांबा आणि उलट क्रमानं खाली या. त्याला जोडून एकेका पायाचं शलभासन, आणि दमल्यावर मकरासनात विसावा.

पाठीवर वळून दोन मिनिटं पवनमुक्तासन आणि सेतुबंधासन, मग एक मिनिट शवासन. शेवटची तीन मिनिटं बसून अनुलोम-विलोम. मांडी घालता येत नसेल तर भिंतीला टेकून किंवा खुर्चीवर बसा. उजव्या अंगठ्यानं उजवी नाकपुडी बंद, डावीनं चार आकडे मोजत श्वास आत. मग अनामिकेनं डावी बंद करून उजवीनं सहा आकडे मोजत बाहेर. त्याच उजवीनं आत, डावीनं बाहेर. श्वास कोंडून ठेवायचा नाही.

ज्याचं काम तसं आसन

घरातल्या सगळ्यांनी एकच साचा वापरायची गरज नाही. म्हाताऱ्या माणसांनी नमस्कार सोडावेत. भिंतीला हात टेकून टाचा उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, आणि श्वास, एवढं पुरे. उकिडवं बसून ज्यांचे गुडघे गेलेत, त्यांनी वज्रासनाचा नाद सोडावा, नाहीतर पोटरी आणि मांडीमध्ये गोधडीची जाड घडी घ्यावी.

लातूर-नांदेडला नीटच्या तयारीसाठी राहणाऱ्या लेकरांची गोष्ट शेतकऱ्यांच्या उलटी. ती हलतच नाहीत, पण वाकतात मात्र तशीच, पुस्तकावर आणि मोबाईलवर. खोलीत दोन पलंगांच्या मधल्या जागेत सतरंजी मावते. त्यांनी दहा मिनिटांत खांदे मोकळे करणं, सहा नमस्कार, भुजंगासन आणि अनुलोम-विलोम उरकावं. दुपारच्या अभ्यासात दर तासाला उठून एकदा ताडासन केलं तर आणखी बरं.

दुकानात गल्ल्यावर बसणारे आणि कचेरीतले यांना मात्र घामही गाळावा लागेल. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, आणि संथ आसनं त्या हिशेबात पूर्ण धरता येत नाहीत. अशांनी नमस्कारांची संख्या वाढवावी किंवा संध्याकाळी भरभर चालावं. कंधारकरांना त्यासाठी किल्ला आहे, जगत्तुंग तलावाचा काठ आहे.

आधी डॉक्टरांना विचारा

आसनं घरची असली तरी सगळीच सगळ्यांना चालत नाहीत. रक्तदाब असेल तर जोराची कपालभाती, श्वास कोंडणं आणि डोकं खाली-पाय वर अशी आसनं टाळा. काचबिंदू असणाऱ्यांनीही डोकं खाली नेऊ नये. हर्निया, पोटाचं ऑपरेशन, मणक्यातली गादी सरकणं, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचे पहिले महिने यांत डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात नको. साखरेसाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना रिकाम्या पोटी चक्कर येऊ शकते. जवळ साखर किंवा गूळ ठेवावा आणि वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवावी. कुठल्याही आसनात ताण जाणवणं ठीक, कळ येणं नाही. कळ आली की थांबायचं. आणि आसनं करतो म्हणून चालू गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत. मधुमेह आसनांनी पळून जातो असं सांगणाऱ्याचं ऐकू नये, मग तो टीव्हीवर असो की पारावर.

सुरुवात कार्तिकातच

मराठवाड्यात चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याच्या घरात सकाळीच जीव घाबरा होतो. तेव्हा नमस्कार कमी आणि शीतली प्राणायाम जास्त, असा बदल करावाच लागतो. पण नवी सवय लावायला तो काळ वाईट. कार्तिक मात्र सोयीचा. कोजागरीपासून गावोगावी काकडा सुरू झालेला असतो, पहाटे माणसं तशीही उठलेली असतात. हवेत गारवा असतो, घाम येत नाही. काकडा संपल्यावर पुन्हा अंथरुणात शिरण्याऐवजी सतरंजी अंथरा. बायकांना सकाळी सवड नसेल तर घरातल्या गड्यांनी पाणी भरावं, चूल पेटवावी किंवा गॅसवर चहा ठेवावा. वीस मिनिटं अशीच निघतात, आभाळातून पडत नाहीत.

माघातल्या रथसप्तमीला ठिकठिकाणी सामूहिक सूर्यनमस्कार होतात. कार्तिकात सुरुवात केली तर तोवर जवळपास तीन महिने होतात. रोज नाही जमलं तर आठवड्यातले पाच दिवस करा, पण तेवढे नेमानं करा. एखाद्या जाणत्या शिक्षकाकडून पहिल्या आठवड्यात आसनं तपासून घ्या. रथसप्तमीला आपली पाठ आणि खांदे आपणच पारखा. बरं वाटलं तर शेजारच्या घरातही सांगा.